जुनी जोरकस, नवी आटोपशीर

आज मी आपल्याशी दोन मोटारींविषयी बोलणार आहे. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक. मोटारीचे बॉनेट उघडले तर आतला कोणता भाग कशाचा, हे मेकॅनिकने बोट दाखविल्याशिवाय मला सांगता यावयाचे नाही. मग हा विषय माझ्या वाट्याला आला कसा? तर तो आला एका जुन्या विद्यार्थ्यामुळे.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, उमरखेड तालुक्यात, पैनगंगेच्या अंगाला ढाणकी हे आमचे गाव. कापूस, सोयाबीन, हळद आणि ऊस पिकविणारी काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर घातलेला रस्ता दोन-चार वर्षांत वाळत घातलेल्या पापडासारखा वेडावाकडा होतो. अशा रस्त्याने हा माझा विद्यार्थी रोज 22 किलोमीटर जातो आणि तितकाच परत येतो. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहे. आजवर मोटारसायकलवर भागले. पण आता घरात दोन मुले, आणि आईचे गुडघे दुखतात. तिला उमरखेडच्या दवाखान्यात न्यायचे म्हणजे मोटारसायकल उपयोगाची नाही.

एका संध्याकाळी तो आला आणि त्याने फोनवरचे एक छायाचित्र माझ्यापुढे धरले. तांबडी, ठेंगणी, भरल्या खांद्याची एक मोटार. "सर, पालिओ हाय. एक पॉइंट सहा. 2002 चं मॉडेल. एक लाख वीस हजारात देऊन राह्यला तो. हिचा पिकअप पाहा तुमी, आजच्या गाड्या हिच्यापुढं पाणी भरतील!"

मी विचारले, "आणि नवी घ्यायची म्हटली तर?"

"नवी लहान गाडी रस्त्यावर आणेस्तोवर आठ लाख. म्हणून तं तुमच्याकडं आलो. तुमी अर्थशास्त्र शिकवता, तं हिशेब तुमीच करा."

विद्यार्थ्याने असे म्हटल्यावर मास्तर माघार घेत नाही. मी हिशेब करायचे कबूल केले. तो करताना मला जे शिकावे लागले तेच आज आपल्याला सांगतो.

प्रथम या दोन मोटारींची ओळख करून घेऊ. जुनी मोटार म्हणजे फियाट पालिओ 1.6 जीटीएक्स. नाव इटालियन असले तरी ती परकी नव्हे; तिचा जन्म मुंबईतल्या कुर्ल्याचा. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या मोटारी तयार होऊ लागल्या. पुढे जिला सगळा महाराष्ट्र पद्मिनी म्हणून ओळखू लागला, ती मोटार इथलीच. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटले की डोळ्यांपुढे तीच येते. तिच्यातली शेवटची नोंदलेली टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. त्याच कुर्ल्यात 2001 साली पालिओ आली. साध्या पालिओत 1.2 लिटरचे इंजिन होते. जीटीएक्समध्ये मात्र 1,596 घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे आणि सोळा झडपांचे इंजिन बसविलेले होते. त्याची ताकद सुमारे 100 अश्वशक्ती. एवढ्याशा मोटारीला एवढे इंजिन ही त्या वेळी नवलाचीच गोष्ट. सचिन तेंडुलकर यांच्या नावाने तिची एक खास आवृत्तीही निघाली होती. त्या वेळी कॉलेजात असलेल्या पोरांनी तिची चित्रे वहीत चिकटवली. त्या पोरांतलाच मी एक.

शंभर अश्वशक्ती म्हणजे किती? चांगली बैलजोडी नांगराला जुंपली तर ती साधारण एक अश्वशक्तीच्या आसपास काम करते. म्हणजे या मोटारीच्या नाकाडात शंभर बैलजोड्या जुंपलेल्या आहेत असे समजा. वजन मात्र हजार किलोहून थोडेसेच अधिक. मग ती धावेल नाही तर काय करील!

दुसरी मोटार म्हणजे टाटांची अल्ट्रोझ. ही पुण्याची. 2020 च्या जानेवारीत ती बाजारात आली. तिचे साधे पेट्रोल इंजिन 1,199 घनसेंटिमीटरचे, तीनच सिलिंडरांचे, आणि ताकद सुमारे 86 अश्वशक्ती. आता एक गंमत पाहा. या मोटारीची लांबी चार मीटरांच्या आत आहे आणि इंजिन बाराशेच्या आत. हे काही योगायोगाने झालेले नाही. 2006 च्या अर्थसंकल्पात सरकारने ठरविले, की लांबी चार मीटरांपेक्षा कमी आणि पेट्रोल इंजिन बाराशे घनसेंटिमीटरपर्यंत असेल तर ती लहान मोटार, आणि तिच्यावर उत्पादन शुल्क 24 ऐवजी 16 टक्के. झाले! शिंप्याने माप घ्यावे तशा साऱ्या कंपन्या या मापात मोटारी शिवू लागल्या. पुढे जीएसटी आला तरी माप तेच राहिले. 22 सप्टेंबर 2025 पासून या मापाच्या पेट्रोल मोटारीवर 18 टक्के कर आहे. त्याआधी अधिभार धरून तो 29 टक्के होता.

म्हणजे सोळाशेचे इंजिन घातलेली लहान मोटार मागे पडली ती नुसती जुनी झाली म्हणून नव्हे. कराच्या रेघेपलीकडे राहिली म्हणूनही तिचा मार्ग अवघड झाला. इंजिनिअर मंडळींनी मात्र रेघेच्या आत राहून वाट काढली. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक लहानसे चाक फिरवायचे आणि त्या चाकाने इंजिनात जास्त हवा कोंबायची. याला टर्बो म्हणतात. लोहाराचा भाता जे काम भट्टीत करतो तेच समजा ना. असा टर्बो लावून 2021 साली याच अल्ट्रोझच्या बाराशेच्या इंजिनातून 110 अश्वशक्ती काढली गेली. पालिओच्या सोळाशेपेक्षा दहा जास्तच!

आता परीक्षेचा दिवस. आमच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारे माझे एक सहकारी आहेत. त्यांच्याकडे साधी, बिनटर्बोची अल्ट्रोझ आहे. एका रविवारी सकाळी ती आणि विकाऊ पालिओ अशा दोन्ही मोटारी घेऊन आम्ही तिघे निघालो. ढाणकी ते उमरखेड एकीने जायचे आणि दुसरीने परत यायचे, असा बेत.

खरे सांगतो, पालिओत बसलो आणि मी वीस वर्षांनी लहान झालो. दार ओढले तर धान्याच्या कोठीचे झाकण पडावे तसा भरीव आवाज झाला. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की इंजिन गुरगुरते आणि मोटार पुढे झेपावते. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा ती आपल्याला कळविते, पण त्याला भिते म्हणून नव्हे. वळणावर रस्ता सोडत नाही. शिवाय तिचा आवाज, तिची थरथर, सुकाणूचा जडपणा यांवरून वेग वाढला हे काट्याकडे न पाहता कळते. माझा विद्यार्थी शेजारी बसून हसत होता. "सर, मी म्हणलं नव्हतं?"

परत येताना अल्ट्रोझ. तीन सिलिंडरांचे इंजिन सुरुवातीला किंचित फुरफुरते, पण एकदा रस्त्याला लागले की आत गप्पा मारताना आवाज चढवावा लागत नाही. ओढीत ती पालिओच्या मागे आहे, यात शंका नाही. समोरच्या ट्रॅक्टरला ओलांडताना मला दोनदा विचार करावा लागला. आम्ही शाळांच्या संचमान्यतेविषयी बोलत होतो आणि मध्येच मोटारीत टिंग, टिंग असा आवाज होऊ लागला. मी दचकून विचारले, काय बिघडले? सहकारी म्हणाले, "काही बिघडलं नाही. तुम्ही ऐंशीच्या वर गेलात."

मला पत्ताही नव्हता. 2019 च्या जुलैपासून आपल्याकडच्या नव्या मोटारींना ही घंटी सक्तीची आहे. ताशी 80 किलोमीटर ओलांडले की ती थांबून थांबून वाजते आणि 120 ओलांडले की सारखी वाजत राहते. तेव्हा पहिला फरक हा लक्षात ठेवा: जुनी जोरकस मोटार वेगाची जाणीव करून देते, नवी आटोपशीर मोटार वेग लपविते. म्हणून जी गरीब वाटते तिच्यातही काट्यावर नजर ठेवली पाहिजे.

घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेतली. रोजचे 44 किलोमीटर, म्हणजे वर्षाचे दहा हजार धरू. पालिओ जीटीएक्स पेट्रोल पिण्याबद्दल पहिल्यापासून प्रसिद्ध. लिटरला दहा किलोमीटर धरले. नवीला सतरा धरले. पेट्रोल 105 रुपये धरले तर जुनीला वर्षाला 1 लाख 5 हजारांचे पेट्रोल, नवीला सुमारे 62 हजारांचे. फरक 43 हजारांचा. ऐकणाऱ्याला वाटेल, नवी जिंकली. थांबा! नवीसाठी सहा लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले तर महिन्याचा हप्ता होतो 9,800 रुपये. वर्षाला 1 लाख 17 हजारांच्या वर. सात वर्षांत नुसते व्याजच सव्वादोन लाखांच्या घरात. उलट जुनीच्या दुरुस्तीला वर्षाला तीस हजार धरले, पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचा खर्च धरला, तरी तिचे पारडे हलकेच राहते. ही फेरनोंदणी दर पाच वर्षांनी करावी लागते. तिचे शुल्क 2022 साली 600 वरून 5 हजार झाले आणि वीस वर्षांवरच्या मोटारींना 2025 साली 10 हजार. शिवाय आता पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते काही अंशी आपल्याच उसाचे. म्हणून जुन्या मोटारीच्या रबरी नळ्या तपासून प्रसंगी बदलाव्या लागतात. हे सारे मांडले तरी उत्तर तेच. नुसत्या पैशाच्या हिशेबात जुनी मोटारच स्वस्त पडते. अर्थशास्त्राच्या मास्तराने खोटे का सांगावे?

हा कागद मी विद्यार्थ्याच्या हातात द्यायचा आणि विषय संपवायचा, असे ठरले होते. पण कागदाची घडी करताना मला एक जुनी संध्याकाळ आठवली. ती मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. आज सांगतो.

2007 ची दिवाळी. भाऊबीजेला थोरल्या बहिणीला आणायला मी नांदेडला गेलो होतो. तेव्हा मी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा. हाताखाली मित्राची मोटार होती, अशीच जोरकस. हदगाव मागे पडले, पैनगंगेचा पूल ओलांडला, उमरखेडला चहा घेतला आणि ढाणकीच्या रस्त्याला लागलो तेव्हा दिवस मावळला होता. ताई पुढे माझ्याशेजारी. मागे नऊ वर्षांचा भाचा. तो दोन आसनांच्या मधून डोके काढून म्हणत होता, "मामा, अजून जोरात! मामा, अजून!" आणि मामा जोरात नेत होता. मागच्या आसनाला पट्टे होते, पण ते गादीखाली दडपलेले. ते वर काढावेत असे कुणाच्या मनातही आले नाही. काटा नव्वदीच्या पुढे असेल. हंगामाचे दिवस होते. समोर उसाने भरलेली ट्रॉली चालली होती आणि तिच्या मागे तांबडा दिवा नव्हता, चकाकणारी पट्टी नव्हती. संधिप्रकाशात ऊस आणि आभाळ एकाच रंगाचे होतात. मला ती दिसली तेव्हा फार उशीर झाला होता.

मी ब्रेकवर उभा राहिलो. चाके जाम होऊन मोटार सरपटत गेली. तेव्हा सुकाणू फिरविले तरी ती वळत नव्हती. ट्रॉलीला धडक बसली नाही. आम्ही बाजूच्या नालीत जाऊन थांबलो. मोटारीला फारसे काही झाले नाही. मागे वळून पाहिले तर भाचा खाली पडलेला आणि त्याचे तोंड रक्ताने माखलेले. पुढच्या आसनाच्या पाठीवर तो आदळला होता. वरचे दोन दात गेले, ओठ फाटला. दुधाचे दात नव्हते ते.

त्यात मोटारीचा दोष काही नव्हता, हे मी आजही सांगतो. ताई मला एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने नेहमीसारखे ओवाळले. पण ओवाळताना तिने माझ्याकडे पाहिले नाही. तो भाचा आता पुण्याला नोकरी करतो. हसतो तेव्हा त्याचे ते बसविलेले दोन दात बाकीच्या दातांपेक्षा जरा पांढरे दिसतात.

श्रोतेहो, माझ्या विद्यार्थ्याच्या मोटारीत मागे कोण बसणार होते? त्याची दोन मुले आणि गुडघेदुखीने बेजार झालेली आई. माझ्या कागदावर पेट्रोल होते, व्याज होते, शुल्क होते. ही माणसे नव्हती. तेव्हा मी त्या सहकाऱ्यांच्या घरी गेलो आणि म्हटले, "मला पळण्याचे नको, थांबण्याचे गणित शिकवा."

ते गणित आपणही ऐका. चांगला कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर, आणि संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. ताशी 60 च्या वेगाने जाणारी मोटार संकट दिसल्यापासून सुमारे 37 मीटरांवर थांबते. 80 ने जाणारी सुमारे 58 मीटरांवर. 100 ने जाणारी सुमारे 83 मीटरांवर. वेग दीडपटीहून थोडा जास्त झाला, पण अंतर सव्वादोनपट झाले. कारण धावत्या मोटारीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि ती सारी ब्रेकला जिरवावी लागते.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. दोन मोटारी शेजारी शेजारी चालल्या आहेत, एक 60 ने, दुसरी 80 ने. दोघांनाही एकाच क्षणी ट्रॉली दिसली. पहिली 37 मीटरांवर येऊन उभी राहिली. त्याच जागी दुसरीचा वेग किती असेल? आपण म्हणाल, वीस असेल. वरचे वीसच तर होते! नाही. त्या जागी दुसरी मोटार अजून साठीच्या वर आहे. मी ते आकडे तीनदा तपासले. एक मोटार थांबलेली आहे आणि दुसरी तिच्या शेजारून साठच्या वेगाने ट्रॉलीत शिरते आहे.

हे गणित दोन्ही मोटारींना सारखेच लागू आहे. पुण्याची असो की कुर्ल्याची. मग नवीचा अधिकपणा कशात? तो आपल्याला रोज दिसत नाही अशा ठिकाणी आहे. पहिली गोष्ट एबीएस. ब्रेक जोराने दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी ही योजना. ती चाके क्षणाक्षणाला सोडते-धरते, त्यामुळे मोटार थांबतानाही वळविता येते. 2007 च्या त्या संध्याकाळी माझे सुकाणू ऐकत नव्हते, ते हिच्यामुळे ऐकले असते. 2019 च्या एप्रिलपासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना ही सक्तीची झाली. त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली, आणि 2021 संपता संपता त्याच्या शेजाऱ्यासाठीही.

दुसरी गोष्ट मोटारीच्या सांगाड्याची. आपल्याकडे लोक पत्र्यावर बोट वाजवून पाहतात आणि म्हणतात, जुना पत्रा जाड, नवा म्हणजे पापड. पण विचार करा. कडब्याच्या गंजीवर उडी मारली तर काही होत नाही. तेवढ्याच उंचीवरून दगडी ओट्यावर मारली तर पाय मोडतो. कडबा दबतो म्हणून आपण वाचतो. नव्या मोटारीचे नाक असेच मुद्दाम दबण्यासाठी घडविलेले असते, आणि माणसे बसतात तो मधला भाग मात्र न दबणारा ठेवलेला असतो. मोटार आपटून पाहण्याची कसोटी आपल्याकडे 2017 पासून नव्या नमुन्यांना आणि 2019 पासून सर्व मोटारींना लागू झाली. 2001 साली ती नव्हती. अल्ट्रोझला 2020 साली ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या कसोटीत प्रौढ प्रवाशांसाठी पाच तारे मिळाले. मुलांसाठी मात्र तीनच. आणि हे पाच तारे कोणत्या वेगाचे? ताशी 64 किलोमीटरच्या आपटीचे. शंभरच्या वेगाने झाडावर गेलात तर ते तारे आभाळातल्या ताऱ्यांइतकेच उपयोगी!

तिसरी गोष्ट जुन्यातही असते, नव्यातही असते आणि तिला वेगळा पैसा पडत नाही. ती म्हणजे पट्टा. एअरबॅग ही पट्ट्याची धाकटी बहीण आहे. पट्टा नसेल तर ती धड काम करीत नाही. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावलाच पाहिजे असा नियम आहे. न लावला तर दंड. मी तर म्हणेन, दंडाचे राहू द्या, माझ्या भाच्याचे दात आठवा.

मग माझ्या विद्यार्थ्याने काय केले? दुसऱ्या रविवारी मी त्याला दोन्ही कागद दिले. एक पैशाचा, एक थांबण्याचा. त्या तांबड्या पालिओपाशी नेऊन टायरवरचे चार आकडे वाचायला लावले. प्रत्येक टायरच्या कडेला असे चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2315 असे असेल तर ते टायर 2015 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनले. त्या मोटारीची टायरे नक्षीने नवी दिसत होती, पण आकड्यांनी दहा वर्षांची निघाली. रबर लाकडासारखे झालेले. तो बराच वेळ उकिडवा बसून ते आकडे पाहत होता. मग म्हणाला, "सर, गाडी लय आवडली होती."

मी म्हणालो, "मलाही."

आठ लाखांची नवीही त्याला झेपणारी नव्हती. नवी पिढी परवडत नाही आणि जुनी पेलवत नाही, अशा वेळी मधली वाट शोधावी. त्याने 2021 सालची एक वापरलेली लहान मोटार घेतली, पाच लाखांच्या आत. एबीएस आहे, पुढे दोन एअरबॅगा आहेत. घेताना किल्ली फिरविल्यावर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि काही सेकंदांनी विझतो की नाही हे पाहिले. दिवा पेटलाच नाही किंवा विझलाच नाही तर काहीतरी गडबड आहे असे समजावे. टायरचे आकडे वाचले. मागचे तिन्ही पट्टे ओढून पाहिले. पिकअप विचाराल तर यथातथाच. ट्रॅक्टर ओलांडायचा तर थांबून, रस्ता मोकळा पाहून ओलांडावा लागतो. त्याची आई पट्ट्याला 'हे जोतं' म्हणते, पण लावते.

जुन्या जोरकस मोटारीची हौस असणाऱ्यांना मी नावे ठेवीत नाही. ती सांभाळावी, टायर-ब्रेक नवे ठेवावेत, सणावाराला बाहेर काढावी. कुर्ल्याच्या कामगारांनी केलेले ते देखणे काम आहे. रोजच्या अंधारात, उसाच्या हंगामात, मुले मागे बसवून ने-आण करायची असेल तेव्हा मात्र मोटार किती जोरात पळते हे दुसऱ्यांदा विचारावे. ती कशी थांबते हे आधी विचारावे. आमच्या भागात तर अभयारण्य जवळ, त्यामुळे रात्री रोही आणि रानडुकरेही आडवी येतात. त्यांना कोणताही दिवा लावलेला नसतो.

आता शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. खो-खोचे मैदान आखायला आपल्या शाळेत फक्की असतेच. एक दिवस मुलांना घेऊन मैदानावर जा. मैदान लहान असेल तर जवळच्या मोकळ्या पांदणीवर जा. एक रेघ ओढा. इथे चालकाला संकट दिसले. तिथून टेपाने मोजून 37 मीटरांवर दुसरी, 58 वर तिसरी आणि 83 वर चौथी रेघ ओढा. चार मुलांना चार रेघांवर उभे करा आणि पहिल्याला म्हणावे, शेवटच्याचा चेहरा पाहा. मग त्यांना सांगा, की आपले बाबा, आपला दादा, आपला मामा शंभरच्या वेगाने जातो तेव्हा तो थेट त्या शेवटच्या मुलापाशी जाऊन थांबतो, तेही नशीब चांगले असले तर. फळ्यावर दहा वेळा लिहून जे कळत नाही ते मुलांना त्या रेघांवर कळते. आणि मुले घरी जाऊन गप्प बसत नाहीत, हा तर आपल्या सर्वांचा अनुभव आहे.

माझ्या त्या विद्यार्थ्याने हा प्रयोग आपल्या शाळेत केला. दुसऱ्या दिवशी तिसरीतली एक मुलगी त्याला म्हणाली, "गुरुजी, बाबा काल साठनंच आले. मी मागून काटा पाहून राह्यली होती."